दाराखालचं पाणी

१

श्रावणातल्या पहिल्या शनिवारी भंडारदऱ्याला राधाकृष्ण पुराणिक मास्तरांचा खून झाला, तेव्हा मी तिथून पावणेदोनशे किलोमीटरवर, शेवगावात, माझ्या गॅरेजमध्ये होतो. मास्तरांना मी कधी पाहिलं नव्हतं. तरी त्या खुनाचा सगळ्यात मोठा पुरावा तीन आठवडे माझ्याच चुकीमुळे टिकून राहिला आणि शेवटी माझ्याच हातून वाया जाता जाता वाचला. तेव्हा ही गोष्ट मी मिरवायला सांगत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मास्तर एकाहत्तर वर्षांचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. ओढ्यापलीकडे त्यांचं कौलारू घर आणि भाताची चार खाचरं. पलीकडे दुसरी झोपडी एकच, छगनची. छगन आणि त्याची बायको कडूबाई पंधरा वर्षं मास्तरांचं घर आणि शेत बघत होते. त्या शनिवारी कडूबाई माहेरी गेली होती. सकाळी आठला ओढ्याला लोंढा आला आणि फरशी पूल पाण्याखाली गेला, तो थेट रविवारी सकाळी उघडा पडला. मधल्या काळात, शनिवारी दुपारी चारला, छगनला मास्तर घरामागच्या दगडी पायऱ्यांखाली पडलेले दिसले. डोकं फुटलेलं, सदऱ्याची कॉलर फाटलेली. मोबाईलला रेंज नाही, पुलावर पाणी. छगन रात्रभर प्रेताजवळ बसून राहिला आणि पाणी उतरल्यावर स्वतःच चालत पोलिसांकडे गेला.

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. कॉलर फाटली म्हणजे झटापट झाली. पुलावरून कोणी येणं शक्य नव्हतं. पलीकडे माणसं दोनच. त्यातलं एक मेलं, म्हणजे मारणारा दुसरा.

छगनला त्याच दिवशी आत टाकलं. आपल्या देशात खरं सांगायला स्वतःच्या पायाने जाणाऱ्याचं बहुधा असंच होतं.

२

वीस दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, आबासाहेब गाडी घेऊन माझ्या दारात आले.

आबासाहेब म्हणजे शेवगावचे बी-बियाण्यांचे मोठे व्यापारी. उंच, दणकट गाडी. आषाढात मीच त्या गाडीत फोम भरला होता. हे माझं खास काम. गाडी पळायला लागली की तिच्या अंगातल्या पोकळ जागा घुमतात. दरवाजांच्या खाली, दोन्ही अंगांना, पत्र्याची एक लांब पोकळ पेटी असते. तिच्यात बंदुकीने फोम सोडायचा. तो फुगून घट्ट बसतो आणि गाडीची घरघर निम्मी होते. हाताला लागला तर मात्र आठवडाभर निघत नाही, लग्नकार्य असेल तर हातमोजे घालावेत.

"कल्याण, गाडी लई गप्प झालीय बघ," आबा म्हणाले. "पर ब्रेक दाबला की डाव्या अंगाला खळ्ळकन वाजतंय. पोटात पानी हाललंय जनू."

मी चक्कर मारून आणली. खरंच पाणी होतं. त्या पेटीला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निथळून जावं म्हणून. फोम भरताना त्यांत काड्या खोचून ठेवायच्या, म्हणजे ती बुजत नाहीत. शिवाय मागच्या चाकापाशी एक मोठं भोक असतं. त्याचं रबरी बूच काढून नळी आत घालायची आणि काम झालं की बूच परत बसवायचं. डाव्या बाजूला माझ्या हातून दोन्ही राहिलं होतं. कारण विचाराल तर घाई, दुसरं काही नाही. त्या मोठ्या भोकातून पाणी आत गेलं, फोम न पोचलेल्या जागेत साचलं आणि खालून निघायला वाट राहिली नाही. महिन्या-दोन महिन्यांत पत्रा सडला असता आणि माझं नाव बाजारपेठेत ओवाळून टाकायच्या लायकीचं झालं असतं.

"एसीचं पाणी असतं आबा," मी धडधडीत खोटं बोललो. "दुपारपर्यंत करून ठेवतो."

आबा पायीच दुकानाकडे गेले. मी गाडी वर उचलली, अणकुचीदार सळई घेतली आणि खालच्या भोकाला लावली. एक दणका दिला की पाणी गटारात गेलं असतं, आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

"कल्याण दहिफळे आपणच का?" मागून आवाज आला.

३

दारात दोन बायका उभ्या होत्या. पुढची पंचावन्नच्या घरातली, सुती साडी, खांद्याला कागदांनी फुगलेली झोळी. मागची काळीसावळी, वाळलेली, पायात चप्पल नाही.

"मी सुचित्रा वैद्य. संगमनेरला वकिली करते. ह्या कडूबाई. आबासाहेबांच्या दुकानात गेलो होतो. ते बँकेत गेलेत, गाडी इथे आहे म्हणून कळलं. बसून वाट बघितली तर चालेल ना?"

नाही म्हणायचं मनात होतं, पण तोंडातून "बसा" निघालं. बाईंनी झोळीतून फुटाण्यांची पुडी काढली, अर्धे फुटाणे कडूबाईंच्या हातावर ठेवले आणि न विचारताच सगळी हकिकत मला सांगून टाकली. मला वाटतं, त्या माझा चेहरा वाचत होत्या.

"मास्तर माझे पक्षकार होते. दोन खाचरं आणि झोपडीची जागा छगनच्या नावे करायचं बक्षीसपत्र मीच लिहून दिलं होतं. सोमवारी नोंदणी व्हायची होती. ज्याला सोमवारी जमीन मिळणार, तो शनिवारी देणाऱ्याला कशाला मारेल? पण ते बक्षीसपत्र घरातून नाहीसं झालंय आणि पोलीस म्हणतात, तुमच्या तोंडी गोष्टीला काय किंमत? येत्या सोमवारी छगनच्या जामिनाची सुनावणी आहे. माझ्याकडे काहीही नाही."

"मग आबांकडे काय काम?"

"मास्तरांचं घर विकत मागत होते ते. म्हणजे, मास्तरांचा नकार ऐकलेला एक माणूस. दुसरा सुश्रुत, मास्तरांचा पुतण्या. सोनईला शाळेत शिक्षक आहे. बक्षीसपत्राचं काकांनी त्याला सांगितलं होतं. पण त्याच्याकडे मोटरसायकल आहे. त्या दिवशीच्या पाण्यात मोटरसायकल काय, बैल वाहून गेला असता." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही त्या सळईने काय करताय?"

"काही नाही. पाणी काढतोय."

"गाडीच्या पोटात पाणी कसं गेलं?"

"धुताना जातं थोडं," मी म्हणालो. तेवढ्यात कडूबाई पहिल्यांदा बोलल्या. माझ्याशी नाही, हातावरच्या फुटाण्यांशी.

"वीस दिस झालं. त्यो जेलात जेवत न्हाई म्हनं. पहाटं उठून ईचारतो, खाचरात पानी सोडलं का."

खोटं बोलायची हौस मलाही नाही. मी सळई धरूनच सगळं सांगितलं: काड्या, बूच, भोकं, माझी घाई. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"मग धुण्याचं पाणी एवढं भरेल?"

"नाही," मी म्हणालो. "ते भोक चाकाच्या आड असतं. फवाऱ्याने दोन-चार थेंब जातील. खळखळ वाजण्याइतकं पाणी जायचं म्हणजे गाडी मांडीभर पाण्यात चालवायला पाहिजे."

"शेवगावात यंदा मांडीभर पाणी कुठे साचलं होतं?"

"शेवगावात?" मला हसूच आलं. "बाई, इथं कपाशी माना टाकायला लागलीय. श्रावणात एक धड सर नाही."

माझं हसू माझ्याच तोंडावर विरलं. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"कल्याणराव, ती सळई खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि आता त्या गाडीला कोणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

४

बाईंनी फोन करून फौजदार रामहरींना बोलावलं, भंडारदऱ्याचा तपास त्यांच्याकडे होता. त्यांना यायला पाच तास लागले. ते पाच तास मी माझ्याच गॅरेजात चोरासारखा बसून होतो. एकदा बाई फोन करायला बाहेर गेल्या, तेव्हा मनात आलंसुद्धा, एक दणका, फक्त एक. पण कडूबाई गाडीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि चाकावरची नजर हलवत नव्हत्या.

फौजदार आले ते वैतागूनच. सगळं ऐकून त्यांनी स्वतःचा एक तर्क काढला.

"म्हणजे फोममुळे गाडीचा आवाज बंद होतो. म्हणून छगनला गाडी आलेली ऐकू आली नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"साहेब, फोम आत बसणाऱ्याचे कान वाचवतो," मी म्हणालो. "बाहेरच्याला गाडी होती तशीच ऐकू येते."

"तिकडच्या धो धो पावसात रणगाडा आला तरी ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "तो मुद्दाच नाही. मुद्दा पाण्याचा आहे. काढा."

पंच म्हणून शेजारचा रसवंतीवाला आणि टायरवाला उभे राहिले. मी पांढरी परात खाली धरली आणि भोक मोकळं केलं. पाणी आलं. अर्ध्या परातीच्या वर. ते गढूळ होतं, आणि त्याचा रंग बघून टायरवाला म्हणाला, "अरे, हे तांबडं हाय की!"

शेवगावची माती काळीभोर. इथल्या चिखलातून गेलेली गाडी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसते. परातीच्या तळाशी मात्र विटकरी गाळ बसत होता.

"तांबडी माती जिल्ह्यात दहा ठिकाणी सापडेल," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज मात्र आता पहिल्यासारखा नव्हता.

मी शेवटचं पाणी निथळावं म्हणून सळई फिरवली. गाळाचा एक गोळा परातीत पडला. कडूबाई पुढे झाल्या, दोन बोटांनी तो चिवडला आणि काहीतरी उचलून तळहातावर घेतलं. नखाएवढं, फिकट, आठ पायांचं.

"खेकड्याचं पिल्लू," त्या म्हणाल्या. "आमच्या वढ्याला ह्या दिसांत असली हजारानं ऱ्हात्यात. पानी चढलं की फरशीवर येत्यात." मग त्यांनी मान वर करून फौजदारांकडे पाहिलं. "सायेब, शेवगावात खेकडं कुठं धरत्यात, सांगा की मला."

तेवढ्यात दारातून आबासाहेब आत आले.

५

"काय रं कल्याण, झाली का गाडी? आन् पोलीस कशाला आल्यात?"

फौजदारांचा हात आबांच्या खांद्यावर पडणारच होता. गाडी आबांची, मास्तरांचं घर आबांना हवं होतं. गणित पुन्हा सरळ झालं होतं. पण सुचित्राबाईंनी त्यांना अडवलं.

"साहेब, एक मिनिट. आबासाहेब, ही गाडी आज इथे कोणी आणली?"

"म्या आनली. आवाज येत हुता म्हनून."

"ऐकलंत?" बाई फौजदारांकडे वळल्या. "ज्याने स्वतः हे पाणी ओलांडलं, त्याला आवाज आला असता तर तो घाबरला असता. खुनाचं पाणी घेऊन तो गॅरेजात तक्रार करायला आला नसता. ह्यांना हे पाणी कुठलं आहे, हेच ठाऊक नाही."

आबांना आता कुठे काहीतरी कळायला लागलं. ते टायरवर बसले.

"पहिल्या शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"शिंगणापूरला. श्रावणातले समदे शनिवार. सोनईला गाडी लावायची आन् तिथनं अनवानी चालत जायचं. दिसभर देवाजवळ, तोंडात पान्याचा थेंब न्हाई. दिवस मावळला की माघारी. बारा वरसं झाली, एक शनिवार चुकला न्हाई. इचारा कुनालाबी."

"म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गाडी सोनईला उभी. सोनई ते भंडारदरा, जाऊन येऊन किती?"

"पावणेतीनशे," मी म्हणालो. आणि मला एक आठवलं. फोम भरला त्या दिवशी मी ऑइल बदललं होतं, आणि गाडीच्या काचेवर तेव्हाचा किलोमीटरचा आकडा चिकटवलेला होता. मी धावत जाऊन बघितला. रोजचं घर-दुकान आणि शनिवारचं सोनई धरून जेवढं व्हायला हवं, त्यापेक्षा जवळजवळ तीनशे किलोमीटर जास्त झाले होते.

"त्या संध्याकाळी गाडीत काही वेगळं वाटलं?"

"वायलं काय न्हाई. उलट गाडी लख्ख धुऊन ठिवली हुती. टाकीबी हुती तेवढी भरलेली. मला बरं वाटलं, म्हनलं सरांना आज काय सुचलं."

"कोणत्या सरांना?" बाईंनी विचारलं, पण मला वाटतं उत्तर त्यांना कळलं होतं.

"ज्यांच्या अंगनात गाडी लावतो ते. चावी बी त्यांच्याच घरात खुंटीला आसती." आबांचा आवाज एकदम खाली आला. "आपले सुश्रुतसर. मास्तरांशी माझी वळख त्यांनीच करून दिली हुती, वो."

६

दुसऱ्या दिवशी श्रावणातला शेवटचा शनिवार होता. आबांनी नेहमीप्रमाणे सकाळी सहाला गाडी सोनईला सुश्रुतच्या अंगणात लावली. फरक एवढाच की गाडीत मागे मी आणि सुचित्राबाई होतो, आणि फौजदार साध्या कपड्यात मागून जीपने येत होते.

सुश्रुत चाळिशीचा, सडपातळ, बोलायला फार गोड. आम्हाला बघून तो क्षणभर थांबला, मग चहा ठेवायला वळला. वकीलबाईंनी त्याला बसवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या शनिवारी तुम्ही आबांची गाडी धुतलीत, ना?"

"धुतली. धूळ बसली होती. त्यात काय?"

"गाडीच्या पोटात पाणी सापडलंय."

तो हसला. "मग माझ्या धुण्याचंच असेल. नळी जरा जोरात सोडली होती."

मनात म्हटलं, गडी हुशार आहे. काल बाईंना मीही हेच सांगून बघितलं होतं. बाईंनी झोळीतून औषधाची काचेची बाटली काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. आत ते नखाएवढं खेकड्याचं पिल्लू होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "सोनईच्या नळाला खेकडे येतात का?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याने बाटलीकडे हात पुढे केला आणि परत घेतला.

"मी पायपुसणीसुद्धा काढून धुतली होती," तो म्हणाला. "गाद्या पुसल्या. चाकांतला चिखल काडीने काढला. फोन घरी ठेवून गेलो होतो. हे कुठून आलं?"

"दाराखालून," मी म्हणालो. "माझी चूक."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याचा जन्माचा वैरी. मग बोलण्यातला गोडवा एकदम गळून पडला. "आजोबांची जमीन," तो ओरडला. "आमच्या चार पिढ्यांची. आणि काका ती एका गड्याला देत होते! मी कागद मागायला गेलो होतो, दुसरं काही नाही. कागद ओढला तर त्यांनी सोडला नाही. मी कॉलर धरली. ते म्हणाले, छगनने माझं आजारपण काढलं तेव्हा तू कुठे होतास? मी ढकललं त्यांना. पायऱ्या ओल्या होत्या."

"आणि खाली जाऊन बघितलंत?" बाईंनी विचारलं.

सुश्रुतने होकारार्थी मान हलवली.

"जिवंत होते?"

"पाणी मागत होते," तो म्हणाला. "ओढा वाढत होता. मला परत यायचं होतं."

आबासाहेब तडक उठून अंगणात गेले. फौजदार दारात येऊन उभे राहिले होते.

७

सोमवारी संगमनेरच्या कोर्टात मला उभं केलं. काम काय करता, कसं करता, बूच कोणी बसवायचं, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, "म्हणजे तुमच्या कामात दोष होता, हे तुम्हाला मान्य आहे?" मागे शेवगावचे चार ओळखीचे लोक बसले होते. मी म्हणालो, "मान्य आहे. आतापर्यंत अडतीस गाड्या केल्यात, त्या सगळ्या परत बोलावून फुकट तपासून देणार आहे." दोघं हसले. हसू देत.

दुपारी पोलिसांनी छगनला सोडायला हरकत नसल्याचं लिहून दिलं. तो बाहेर आला तेव्हा कडूबाई पुढे धावल्या नाहीत. जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि पदर तोंडात कोंबला. छगन बारीक चणीचा माणूस, आता तर नुसता सापळा राहिला होता. तो बायकोजवळ गेला, तिच्या हाताला धरलं आणि मग वकीलबाईंकडे वळला.

"छगन, जमिनीची काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "बक्षीसपत्राचा कच्चा खर्डा माझ्याकडे आहे. मी कोर्टात भांडेन."

"ते ऱ्हाऊ द्या, बाई. मला एक सांगा." तो घुटमळला. "मास्तरांचं दहावं, तेरावं कुनी केलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे सांगायचं कोणी? शेवटी बाईच बोलल्या. "सुश्रुतने. रक्ताचं दुसरं कोणी नव्हतं."

छगन कोर्टाच्या पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो रडत नव्हता, विचार करत होता.

"मंग ते पोचलं न्हाई," तो म्हणाला. "मारनाऱ्याच्या हातचं पानी त्यांनी कसं घेतलं आसंल? तहानलेलं गेलं माझं मास्तर." त्याने मान वर केली. "बाई, तुमच्या घरात समदे भटजी हुते म्हनं. मी पुन्यांदा केलं तर चालंल का? मी त्यांच्या रगताचा न्हाई, जातीचा न्हाई. पर कुनी चुकीचं म्हनायला नको."

सुचित्राबाई तोवर कधी अडखळल्या नव्हत्या. फौजदारापुढे नाही, जज्जापुढे नाही. आता त्यांना चष्मा काढावा लागला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "माझे वडील मंत्र म्हणायचे, ते मला येतात. मी सांगेन, तुम्ही पाणी द्या."

कोर्टाला दाखवायला मी आबांची गाडी घेऊन आलो होतो, संध्याकाळी परत नेऊन द्यायची होती. मी फोन लावला आणि दोन दिवस उशीर झाला तर चालेल का विचारलं. छगनला भंडारदऱ्याला न्यायचंय, तो मास्तरांना पाणी देणार आहे, हे सांगितलं.

"संगमनेरलाच थांब," आबा म्हणाले. "मी येष्टीनं येतो. मलाबी घिऊन चल."